गेरूच्या हरणांवर ऊन

अन्याय झाला तो सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या एका म्हाताऱ्या पावरा आदिवासीवर आणि तो राखत असलेल्या कपारीतल्या चित्रांवर. बहात्तर साली, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी, सकाळी नऊ ते बारा. करणारं सरकार नव्हतं. आम्ही होतो.

'हजारो वर्षांची चित्रं वाचवा' असं आमचं पत्रक तयार होतं. फोटो तेवढा हवा होता. यावलच्या पुढे चालत कपारीशी पोचलो, तर तोंडावर करंजाचं झाड आणि वेलींची जाळी. आत अंधूक. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतला आमचा फोटोवाला मित्र म्हणाला, "या उजेडात नुसती शाई छापून येईल."

म्हातारा आडवा आला. "भाऊ, झाड नका तोडा. हाई त्यासनं पांघरून शे."

"आबा, तुमच्या हरणांना थंडी वाजते काय?" मी विचारलं. सगळे हसले. तोही हसला, बहुधा भिडेखातर. कुऱ्हाड मी चालवली.

फोटो झकास आला. पत्रकं पाचोऱ्यापर्यंत वाटली.

दोन वर्षांनी गेलो तेव्हा ऊन थेट भिंतीवर होतं. पांढऱ्या रंगातला बैल दिसेना. वाटलं, कपार चुकली. मग तोडलेला बुंधा दिसला. लाल हरणावर बोट टेकवलं. दगड तव्यासारखा तापलेला, बोटाला गेरूची भुकटी. हात झटकायचीही भीती वाटली. जे बोटावर आलं ते परत कुठे ठेवू?

चित्रकलेच्या मास्तरांना गाठलं. "गेरू म्हणजे माती," ते म्हणाले, "ती उन्हानं सहसा विटत नाही. पण तिला धरून ठेवणारा डिंक, चरबी सुकून जाते. शिवाय दगड तापतो, निवतो, त्याची साल सुटते. रंग सालीसकट जातो."

"परत लावता येईल?"

"मग ते तुझं चित्र होईल."

आता दर महिन्याला जातो आणि आत पाऊल टाकायच्या आधी थांबतो. आज किती चित्रं उरली असतील? म्हातारा मला शिवी देत नाही, तेही सोसवत नाही. त्यानं एकट्यानं तट्टे बांधलेत, अर्धं तोंड झाकेल एवढे. दुसऱ्या अर्ध्यातून रोज दुपारी ऊन आत येतं.

नवं करंज लावलंय. त्याची सावली पडेपर्यंत हरणं टिकतील असं मला वाटत नाही. हे पत्रक नाही, सही करून सुटता येणार नाही. येत्या रविवारी बांबू, तट्टे, सुतळी घेऊन कपारीशी या. कॅमेरा घरी ठेवा.