अडलेला पट्टा

ओरिहाशी केन्साकु घरोघरी औषधं पोचवायचा. जपानात तोयामाकडच्या बऱ्याच घराण्यांचा हा पिढीजात धंदा. गिऱ्हाइकाकडे औषधांची पेटी ठेवायची, वर्षातून दोनदा जाऊन जुनी औषधं काढायची, संपलेली भरायची, आणि उंबऱ्याशी बसून घरातल्यांचे गुडघे, पोटं आणि सुना यांच्या तक्रारी ऐकायच्या. केन्साकुला हे ऐकणं उत्तम जमे. त्याची गावं पश्चिमेकडच्या डोंगरात, घरापासून गाडीने एका दिवसाच्या वाटेवर होती. उन्हाळ्यात तो महिन्यातले वीस दिवस तिकडेच असे.

छप्पन्नाव्या वर्षीही तो धावायचा, कारण त्याच्या ताकिनोसे गावाला पन्नाशीपुढचा दुसरा धावता पुरुष मिळत नव्हता. दर ऑक्टोबरात परगण्यातल्या दहा गावांची टप्प्याटप्प्याची शर्यत असते. सात जण, सात टप्पे, त्यातला एक पन्नाशीपुढच्या पुरुषाचाच, आणि एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जाणारा गावाचा कापडी पट्टा. ताकिनोसेचा पट्टा पिकल्या काकी फळासारखा नारिंगी. गाव कधी सहाव्या नंबराच्या वर गेलं नाही, पण एकतीस वर्षांत पट्टा कधी अडला नव्हता, आणि त्याचाच तोरा गाव मिरवत असे.

तो अडला गेल्या वर्षी, केन्साकुच्याच खांद्यावर. पहिला संघ पुढे गेला की प्रत्येक नाक्यावर ठरावीक वेळ थांबतात. तेवढ्यात तुमचा माणूस आला नाही, तर पुढच्याच्या खांद्यावर पंचांकडचा पांढरा पट्टा चढतो, बार उडतो, आणि राहिलेले सगळे एकदम सुटतात. रस्ते किती वेळ अडवून ठेवणार? त्यात चूक कुणाचीच नसते, ज्याच्या खांद्यावर खरा पट्टा राहिला त्याची सोडून. केन्साकुच्या पोटऱ्या चौथ्या किलोमीटरला आखडल्या. चारशे घरांत पेटके उतरवायची पुडी देणारा माणूस रस्त्यात वाकून स्वतःच्या पोटऱ्या चोळत बसला. लोका सांगे ब्रह्मज्ञान! तो नाक्यावर पोचला तेव्हा बार उडून चौदा सेकंद झाले होते आणि पुढच्या टप्प्याची मुत्सुको वळणावर पाठमोरी दिसत होती. तिच्या पाठीवर पांढरा पट्टा होता.

मुत्सुको मासळीबाजारात काम करायची. बाई मोजकंच बोलायची. शर्यत संपल्यावर ती परत आली, केन्साकुच्या हातात बाटली दिली आणि म्हणाली, "आधी पाणी प्या." एवढं बोलून ती बसमध्ये जाऊन बसली.

हे तीन शब्द केन्साकुने वर्षभर चघळले. 'आधी' म्हणजे काय? नंतर काय बोलायचं होतं तिला? राग होता की कीव? बायकोला, फुमिएला, त्याने दहादा विचारलं.

"अहो, पाणी प्या म्हणजे पाणी प्या," ती भाजी चिरता चिरता म्हणाली. "तुम्ही जन्मभर लोकांच्या तक्रारी ऐकता ना, म्हणून कुणी तक्रार केली नाही की तुम्हाला चुकल्यासारखं होतं."

त्याला ते पटलं नाही. अडलेला पट्टा ज्याच्याकडे राहतो त्यानेच तो घरी नेऊन धुवायचा आणि वर्षभर सांभाळायचा, अशी तिथली रीत. केन्साकुने तो औषधांच्या ट्रंकेत ठेवला. प्रत्येक घरी झाकण उघडलं की वर तोच दिसे.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात तो धावलाच नव्हता. ऊन, प्रवास, शिवाय प्रत्येक उंबऱ्यावर थंड चहा आणि शेवया पुढे येत, आणि नाही म्हणणं औषधवाल्याला शोभत नाही. या वर्षी त्याने ठरवलं की काही झालं तरी धावायचं. दुपारी छत्तीसच्या वर पारा जाई, म्हणून तो पहाटे साडेचारला उठून, खारवलेलं उमेचं आंबट फळ तोंडात धरून, मुक्कामाच्या ठिकाणाहून डोंगराच्या रस्त्याला लागे.

तिसऱ्याच दिवशी घोटाळा झाला. एका वस्तीतल्या नव्वदीच्या किकुए आजी अंगण झाडत होत्या. त्यांच्या समोरून औषधवाला धापा टाकत पळत गेला. आजींच्या जन्मात औषधवाला कधी पळालेला नव्हता. औषधवाला सावकाश येतो, सावकाश बसतो. तो पळतोय म्हणजे कुणाचं तरी काहीतरी झालं! आजींनी शेजारणीला उठवलं, शेजारणीने मुखियाला. केन्साकु डोंगराला वळसा घालून परत आला, तेव्हा सगळी वस्ती झोपायच्या कपड्यांत रस्त्यावर उभी होती.

"कोण गेलं?" आजींनी विचारलं.

"कोणी नाही, आजी. मी आपला... धावत होतो."

"कुणाकडे?"

"कुणाकडेच नाही. जायचं आणि परत यायचं."

आजींनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "बायकोशी भांडण झालंय का रे?"

शेवटी त्याने उंबऱ्यावर बसून पट्ट्याची सगळी गोष्ट सांगितली. वस्तीला ती नीट कळली. पूर, वणवा सांगायला तिथे खांबावर कर्णे आहेत. त्या संध्याकाळपासून मुखिया त्यावरून सांगू लागला, "उद्या पहाटे औषधवाले धावतील. कुणी आजारी नाही. कृपया झोपून राहावे." पुढच्या वस्त्यांनाही फोन गेले. अशी जाहिरात झाल्यावर एक दिवस जरी बुट्टी मारली तरी पाच गावांत विचारपूस व्हायची. केन्साकु मुकाट्याने धावत राहिला. ऑगस्ट सरेपर्यंत त्याचे पाय काठीसारखे टणक झाले, आणि उकाड्याची अंगाला सवय झाली.

सप्टेंबरात तो घरी आला तेव्हा संघाचा कप्तान नोजिरी भेटला. चव्वेचाळीस वर्षांचा, कचेरीत काम करणारा, बडबड्या माणूस. वर्षभर त्याने केन्साकुला हाक मारली ती "चौदा सेकंद" अशीच.

"काय दादा, यंदा तेरा सेकंदांवर येणार ना?"

"तुम्ही सराव केलात का, कप्तान?"

"रोज! व्यायामशाळेत, यंत्रावर. गार हवेत काय मस्त धावता येतं! तुमच्यासारखं उन्हात मरायला मला वेड लागलंय का?"

केन्साकुने इस्त्री केलेला पट्टा त्याच्या स्वाधीन केला.

शर्यतीच्या रविवारी ऑक्टोबर असूनही ऊन तापलं. डांबर मऊ झालं होतं. केन्साकु पाचव्या टप्प्याच्या नाक्यावर उभा होता. त्याच्या मनात एकच गोष्ट होती. पट्टा मुत्सुकोच्या हातात द्यायचा, आणि ती काय म्हणते ते ऐकायचं. चौथा टप्पा नोजिरीचा होता. एकेक संघ आला आणि गेला. पंचाने हातात पांढरे पट्टे घेतले. केन्साकुला वाटलं ते दुसऱ्या कुणासाठी असतील. मग एक पट्टा त्याच्याच खांद्यावर आला.

"ताकिनोसे, रेषेवर या."

रस्त्याच्या टोकाला नोजिरी दिसला. तो धावत नव्हता, डोलत होता, आणि पट्टा खांद्यावरून काढून त्याने मुठीत पुढे धरला होता. अंतर शंभर पावलं, फार तर सव्वाशे. बार उडाला.

केन्साकु धावला. उन्हाळाभर ज्या पायांनी डोंगर चढले त्यांनी सपाट रस्ता कसा खाल्ला ते बघणाऱ्यांना आठवतं. त्याने तीन गावांना मागे टाकलं. आयुष्यात इतकं चांगलं तो कधी धावला नव्हता, आणि ते सगळं उसन्या पट्ट्यात. मुत्सुको हात पुढे करून उभी होती. तिने पांढरा पट्टा पाहिला, तो खांद्यावर चढवला आणि धावत सुटली.

तासाभराने पंचांच्या गाडीने त्याला तो जिथून सुटला होता त्याच नाक्यावर आणून सोडलं. नोजिरी फुटपाथवर बसला होता. डोक्यावर ओला टॉवेल, मांडीवर गावाचा नारिंगी पट्टा. त्याने मान वर केली नाही. केन्साकुला राग आला होता, खराखुरा राग, वाटेत तो सगळं जुळवून आला होता. गार हवेतलं यंत्र, चौदा सेकंद, पहाटेचे साडेचार, सगळं बोलून दाखवणार होता.

नोजिरीचे ओठ कोरडे पडून फुटले होते.

केन्साकुने बाटलीचं झाकण उघडून ती त्याच्यापुढे धरली.

"कप्तान," तो म्हणाला, "आधी पाणी प्या."

शब्द तोंडातून निघाल्यावर तो जरा थांबला. मागे आणखी काही बोलायचं आहे का, म्हणून त्याने स्वतःच्या मनात डोकावून पाहिलं. काही नव्हतं. समोरच्या माणसाला तहान लागली होती, इतकंच.

नोजिरी घटाघटा पाणी प्यायला. केन्साकु त्याच्या शेजारी टेकला आणि परतीच्या बसची वाट बघू लागला.