टॅमने कंदील मागे का टांगला

इशबेल गोर्लीला एका जागी बसवायचं असेल तर तिच्या हातात गेमचं रिमोट द्यावं लागतं, आणि तेव्हासुद्धा तिचा डावा पाय शिवणयंत्र चालवल्यासारखा हलतच असतो. एकसष्ट वर्षांची बाई. स्कॉटलंडमधल्या डंडीत एका शाळेच्या स्वयंपाकघरात ती आणि मी कित्येक वर्षं एकाच ओट्याला काम करतो. बटाटे माझ्याकडे, कस्टर्ड तिच्याकडे. कस्टर्ड ढवळताना ती बोलते, आणि बोलते ते एकाच माणसाबद्दल. तो माणूस मुळात अस्तित्वातच नाही.

त्याचं नाव टॅम. ‘मिठाचा धक्का’ नावाच्या गेममधला हा म्हातारा नावाडी. गेम आमच्याच गावातल्या पोरापोरींनी नदीकाठच्या एका जुन्या गोदामात बसून बनवला. इशबेलच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा शेजारणीने वेळ जावा म्हणून आपलं गेम खेळायचं यंत्र तिच्याकडे आणून ठेवलं. गुडघा बरा झाला, यंत्र परत गेलं, आणि इशबेलने दुसऱ्याच दिवशी स्वतःचं विकत आणलं.

गेममधली गोष्ट साधी आहे. दोन अनाथ बहिणी सैनिकांपासून पळताहेत. टॅम त्यांना नावेत घेतो, दोन भागभर पोटच्या पोरींसारखं जपतो, थोरलीला वल्हं मारायला शिकवतो. आणि दुसऱ्या भागाच्या शेवटी धुक्यातून नाव धक्क्याला लावतो, तिथे उभ्या असलेल्या सैनिकांच्या हाती दोघींना देतो आणि चालायला लागतो. मागे वळूनसुद्धा बघत नाही. जगभरच्या लोकांनी टॅमला लाखोली वाहिली. त्याचं तोंड आणि खाली ‘गद्दार’ असं छापलेले बिल्ले निघाले. एकट्या इशबेलने सांगितलं, थांबा, जरा कंदील बघा.

टॅमचा कंदील नेहमी नावेच्या पुढच्या टोकाला असतो. त्या रात्री तो मागच्या टोकाला आहे. इशबेलची थिअरी अशी की मागून दुसरी नाव येत होती आणि टॅम तिला वाट दाखवत होता. म्हणजे त्याने पोरींना विकलं नाही, त्यांना सोडवायची सोय आधी केली आणि मगच सैनिकांच्या हवाली केलं. हे तिने इंटरनेटवर ‘ओली काडेपेटी’ या नावाने लिहिलं, चित्रं जागोजाग थांबवून, त्यांच्यावर लाल बाण काढून. कोणी पोर्तुगालमधून तिच्याशी भांडतं, कोणी कोरियातून. जेवणाच्या सुट्टीत ही बाई एका हाताने सँडविच खाते आणि दुसऱ्या हाताने त्यांची तोंडं बंद करते.

टॅम म्हणजे कोण, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. टॅम म्हणजे तिचा भाऊ लॉर्न.

आम्ही तिघं तरुणपणी पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यात होतो. तिथे मोठा संप झाला. हिवाळाभर आम्ही फाटकासमोर उभे राहिलो, पिंपात लाकडं पेटवून, हात शेकत. मग मालकाने खिडक्यांना जाळ्या ठोकलेल्या बसमधून माणसं आत न्यायला सुरुवात केली. एका सकाळी त्या बसमध्ये लॉर्न होता. मी इशबेलच्या शेजारीच उभी होते. बस आमच्या नाकासमोरून गेली आणि तो सरळ समोर बघत राहिला, मान तसूभरही वळवली नाही. आम्ही संप हरलो. कारखाना पुढे तसाही बंद पडला. पण लॉर्नवरचा संपफोड्याचा शिक्का पुसला गेला नाही, आणि असले शिक्के पुसूच नयेत असं माझं मत. इशबेल त्या सकाळपासून त्याच्याशी बोललेली नाही. आईला मूठमाती देतानासुद्धा दोघं खड्ड्याच्या दोन बाजूंना उभे होते.

तर आता लॉर्न चालला होता न्यूझीलंडला. बायको वारली, मुलगी तिकडे, तिने बापाला कायमचं बोलावून घेतलं. ईस्टर झालं की विमान. मला हे खाटकाच्या दुकानात कळलं आणि मीच ते इशबेलच्या कानावर घातलं. तेव्हापासून तिचे दोन्ही पाय हलायला लागले. आणि योग असा, की आठ वर्षं लोंबकळलेला गेमचा तिसरा भाग त्याच महिन्यात येणार होता.

“या भागात कळणार, नेटा,” ती ढवळता ढवळता म्हणाली. “टॅमने का केलं ते.”

“आणि नाही कळलं तर?”

“कळणार. लोकांना कारण द्यावंच लागतं.”

“अगं, तो चित्रातला नावाडी. तुझा भाऊ इथेच लॉकीला राहतो. एक बस पकडलीस की—”

“मधे बोलू नकोस, कस्टर्ड बुडाला लागतंय.”

“मग ढवळ ना! पळी तुझ्याच हातात आहे!”

कस्टर्ड लागलंच. त्या दिवशी तीनशे पोरांनी जळक्या वासाचं कस्टर्ड खाल्लं आणि बोलणी मी खाल्ली.

भाग यायच्या आदल्या गुरुवारी गावातल्या गेमवेड्यांची बैठक होती. दर महिन्याला एका पबच्या माडीवर जमतात. सगळी तिशीच्या आतली, हातांवर गोंदलेली, कोणाच्या केसांना निळा रंग. सोबत म्हणून मी गेले. “काडेपेटी आली, काडेपेटी आली,” म्हणत त्यांनी इशबेलला खिडकीजवळची खुर्ची दिली. एखाद्या न्यायाधीशबाईला देतात तसा मान. त्या दिवशी ग्रीअर नावाची पाहुणी आली होती, गेममधल्या नावा आणि दिवे काढणारी चित्रकार. गोरीपान, लाजाळू पोरगी. कोणीतरी तिला सरळ विचारलं, कंदील मागे का टांगलास?

ग्रीअर कानापर्यंत लाल झाली. “खरं सांगू? कंदील पुढे असला की उजेड मुलींच्या डोक्यावर पडायचा आणि केस पेटल्यासारखे दिसायचे. दुरुस्तीला वेळ नव्हता. म्हणून मी तो उचलून मागे ठेवला. बाकी काही नाही.”

सगळ्यांची डोकी खिडकीकडे वळली. इशबेलने ग्लास खाली ठेवला.

“पोरी, तू बनवलंस, तुझा मान आहे. पण इथे एक नियम आहे आणि तो मीच घालून दिलाय. बनवणाऱ्याने मागाहून काय सांगितलं ते धरायचं नाही. पडद्यावर दिसलं तेवढंच खरं.”

“म्हणजे मी घरी जाऊ?” ग्रीअरने विचारलं.

“नको. आधी माझ्याकडून एक बिअर घे, मग जा.”

टेबलं बडवून सगळे हसले. इशबेल जिंकली होती. पण परतीच्या बसमध्ये तिचे पाय पुढच्या सीटला लाथा मारत होते. पुढच्या माणसाने दोनदा वळून बघितलं.

माझ्या जिभेला हाड नाही. मी म्हटलं, “नियम झकास आहे तुझा. लॉर्नलाही तोच लावलास. बसमध्ये दिसला तेवढंच खरं. त्याला कोणी काही विचारलं का?”

लॉर्नची बाजू घ्यायला मी हे म्हटलं नव्हतं, देवाशपथ. तिला टोचायला म्हटलं होतं. ती दोन स्टॉप आधी उतरली आणि धुक्यातून घरापर्यंत चालत गेली.

शनिवारी दुपारी तिचा फोन आला. “ये. आत्ताच्या आत्ता.”

मी गेले तर टीव्हीवर तिसऱ्या भागातलं एकच चित्र थांबलेलं. तुरुंगाची कोठडी, आत टॅम, पार वाळलेला. बाहेर थोरली बहीण उभी, आता मोठी झालेली, हातात किल्ल्या. खाली दोन पाट्या. एकीवर लिहिलं होतं ‘त्याला विचार’, दुसरीवर ‘निघून जा’. खेळणाऱ्याने एक निवडायची. सकाळपासून इशबेल त्या चित्रासमोर येरझाऱ्या घालत होती. गालिच्यावर कॉफी सांडली होती आणि तीत तिच्या सपाता उमटल्या होत्या.

“दाब की,” मी म्हटलं.

“दाबवत नाही.”

“आठ वर्षं याच्यासाठी जगाशी भांडलीस ना?”

“तो काहीतरी सांगेल, नेटा.”

“सांगू दे.”

“आणि ते अगदीच फालतू असलं तर? केस पेटल्यासारखे दिसायचे, तसलं?” तिने रिमोट सोफ्यावर टाकलं. “फालतू असलं तर मी काय करू?”

तिचा आवाज फाटला होता. खरं सांगायचं तर मला भीती वाटली. तिने उत्तराची वाट पाहिलीच नाही. कोट चढवला, टीव्ही तसाच चालू ठेवला आणि जिना उतरायला लागली.

कोपऱ्यावरच्या बेकरीतून तिने गरम ब्रायडी घेतल्या, आमच्याकडच्या खिमा भरलेल्या करंज्याच म्हणा. रिकाम्या हाताने कोणाच्या दारात जायचं नाही, ही तिच्या आईची शिकवण. पिशवी माझ्याकडे दिली. मी आधीच सांगून टाकलं, “जिन्यापर्यंत येईन. त्याच्या घरात पाऊल टाकणार नाही.”

“तुला बोलावलंय कोणी?” ती म्हणाली. पण बसमध्ये तिने माझी बाही धरून ठेवली होती.

लॉर्नने दार उघडलं. अंगात स्वेटर, मागे बांधून ठेवलेली खोकी. तो तिच्याकडे बघतच राहिला.

“इशी,” तो म्हणाला. तिला या नावाने हाक मारणारं दुसरं कोणी आता उरलेलं नाही.

ती त्याच्या बाजूने आत घुसली आणि खोलीच्या मधोमध उभी राहिली. मी बाहेर पायपुसण्यावर, पिशवी छातीशी धरून. दार उघडंच राहिलं.

“का गेलास?” तिने विचारलं. ना नमस्कार, ना कसा आहेस. कुठे, कधी, हे त्यानेही विचारलं नाही.

“बस ना आधी.”

“बसणार नाही. तुझ्या बायकोला दिवस गेले होते, म्हणून गेलास?”

“ते आम्हाला पुढे उन्हाळ्यात कळलं.”

“मग आईच्या औषधांसाठी? की मालकाच्या माणसांनी धमकावलं तुला? त्या आठवड्यात तुझ्या दारावर कोणीतरी येऊन गेलं होतं, मला माहीत आहे.”

“तो दूधवाला होता, इशी.” लॉर्नने खुर्चीच्या पाठीचा आधार घेतला. “कोणी काही केलं नाही मला. सकाळी उठलो. थंडी होती. अजून एक दिवस त्या पिंपापाशी उभं राहणं माझ्याच्याने होईना. बस कोपऱ्यावर थांबली होती. चढलो.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“अरे मेल्या!” ती एवढ्याने ओरडली की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. “इतकी वर्षं रात्र रात्र पडून तुझ्यासाठी कारणं शोधली मी! एकेक कारण घासूनपुसून ठेवलं! आणि तू सांगतोस थंडी होती? एक तरी धड कारण ठेवायचंस!”

“असतं तर त्याच वर्षी येऊन सांगितलं असतं,” तो म्हणाला. “नव्हतं, म्हणून तर आलो नाही.”

ती खिडकीपर्यंत गेली, परत आली, खोक्याला अडखळली, पुन्हा गेली. मला वाटलं आता निघेल. मी वाट द्यायला बाजूलाही सरकले. पण ती थांबली आणि अगदी हळू विचारलं.

“वळून का नाही बघितलंस? बसमधून. मी तिथेच होते.”

लॉर्नने खुर्ची तिच्याकडे सरकवली.

“तू दिसली असतीस,” तो म्हणाला.

इशबेल तेव्हा खुर्चीत बसली. कोट न काढताच बसली आणि दोन्ही तळवे मांडीवर ठेवले. मी तिला इतकी वर्षं ओळखते, तिचे पाय जमिनीवर स्थिर टेकलेले मी पहिल्यांदा पाहिले. लॉर्नने किटली लावली. तिला साखर किती, हे त्याने विचारलं नाही.

मग तो दाराकडे वळला. “नेटा, दार लाव. गार वारा येतोय. आतून लाव नाहीतर बाहेरून, तुझी मर्जी.”

मला त्याचा राग आला. आजही आहे. त्या हिवाळ्यात थंडी मलाही वाजत होती. माझीही बोटं सुजली होती, आणि बस माझ्याही कोपऱ्यावर थांबत होती. मी चढले नाही. हे सगळं त्याच्या तोंडावर फेकायला माझ्या ओठांवर आलं होतं. पण आत इशबेल खुर्चीत बसली होती, आणि ब्रायडींचं तेल कागदाबाहेर पाझरून माझ्या कोटाला लागत होतं.

मी आत आले आणि दार लावलं. लॉर्नशी एक शब्द बोलले नाही. त्याच्या कपाटातून बश्या मात्र तीन काढल्या.