सातव्या मजल्यापर्यंत कुकारा

गुणाजीच्या डब्यात चिखलातल्या मासळीच्या अकरा निवट्या होत्या, सगळ्या जिवंत. सकाळच्या ओहोटीला खाडीच्या चिखलात कोपरापर्यंत हात घालून त्याने एकेक बिळातून काढल्या होत्या. सत्तरीच्या माणसाला अकरा निवट्या म्हणजे तीन तासांची मेहनत.

लेकीला, वर्षालीला, नववा महिना लागला होता. "बाबा, तोंडाला चवच नाय. निवट्यांचं कालवण तेवढं खावंसं वाटतं," असं ती रविवारी म्हणाली होती. मेलेल्या निवटीला चिखलाची चव येते. जिवंत पोचवायला हव्या होत्या.

ती राहायची तो टॉवर जुन्या मिठागराला लागून होता. गेटवर गुरुदत्त वॉचमन.

"काका, फ्लॅट नंबर?"

"सातशे दोन. लेक हाय माझी."

"रिक्वेस्ट टाकली. त्यांनी फोनवर हो केलं की सोडतो."

हो काही आलं नाही. दुपारी वर्षाली फोनचा आवाज बंद करून झोपायची. जावई धनेश कामावर, त्याचाही फोन लागेना.

"तुमच्या फोनवरून लावून बघा."

"माझ्याकडं फोन नाय."

"काय सांगता! आजकाल मागणारे पण क्यूआर ठेवतात, काका."

"मी मागायला नाय, द्यायला आयलोय."

गुरुदत्त हसला, मग वरच्या कॅमेऱ्याकडे बघून ओशाळला. "असंच सोडलं तर माझी नोकरी जाईल हो."

गुणाजी भिंतीच्या सावलीत बसला. डब्यावरचं गोणपाट त्याने पुन्हा ओलं केलं. समोर उन्हात गाड्यांच्या काचा पेटल्या होत्या, मिठाच्या राशींसारख्या. त्याचे डोळे मिटत चालले. मिठाच्या आगरात पाणी भरलेलं, पाण्यात सगळं आभाळ उतरलेलं, आणि बांधावरून चिमुरडी वर्षाली भाकरी घेऊन येतेय. ढग वरही, ढग पायाखालीही. बाप कुठल्या टोकाला आहे हे तिला कळावं म्हणून तो लांबवर जाणारी हाक द्यायचा, कुकारा घालायचा. ती वळायची.

डब्यात खळबळ झाली. एक निवटी उलटी झाली होती. राहिल्या दहा.

तो उठला आणि भिंतीला वळसा घालून खाडीच्या बाजूला गेला. वारा तोंडावर होता. उलट्या वाऱ्यात कुकारा वाया जातो. तो थांबला. दुपार कलली की इथला वारा फिरतो. मिठागरात राबताना चाळीस वर्षं त्याने तो फिरताना पाहिला होता. अखेर मागून मानेला गार वारा लागला.

कुकारा घशातून नाही, पोटातून निघतो. आगरात दोनच घालायचे. तरी नाही ऐकलं तर आपण चालत जायचं. इथे चालत जायची सोय नव्हती.

पहिल्या कुकाऱ्याला कबुतरं उडाली.

दुसऱ्याला सातव्या मजल्यावरची काच सरकली. मोकळ्या केसांची वर्षाली, एक हात पोटावर, अजून झोपेतच असल्यासारखी खाली बघत होती.

"बाबा! कवा आयलास?"

त्याने डबा वर केला.

तो गेटवर परतला तोवर वरून हो आलं होतं. गुरुदत्तने त्याचा फोटो काढला. "मोबाईल नंबर टाकल्याशिवाय हे ॲप पुढे सरकत नाही," असं पुटपुटत त्याने स्वतःचाच नंबर टाकला.

वर घरात निवट्या पाण्यात सोडल्या. दहाही पाण्यात इकडून तिकडे पळाल्या. वर्षाली लहान पोरीसारखी बघत बसली. मग म्हणाली,

"बाबा, आता फोन घेच. रात्री-अपरात्री पोटात दुखायला लागलं तर मी काय कुकारा घालू?"

गुणाजीने एक निवटी पीठ लावून हातात घट्ट धरली, तिचा बुळबुळीतपणा पुसून काढला.

"घेईन," तो म्हणाला. "पण दुपारची ती काच उघडी ठेवत जा."