इस्त्रीकाकांचा उजवा गाल

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर कपड्यांना इस्त्री करून देणारे एक गृहस्थ आहेत. लहानथोर सर्व त्यांना इस्त्रीकाका म्हणतात. त्यांच्या दुकानाला लागूनच माझे चपला-बूट दुरुस्तीचे दुकान आहे. मध्ये केवळ एक फळी. त्यामुळे ही हकीकत मी पाहून लिहीत आहे, ऐकून नव्हे.

काकांना बोलण्याचा फार नाद होता. पत्नी वारली, मूलबाळ नाही, तेव्हा घरी ऐकणारे कोणी उरले नाही. म्हणून दिवसभराचे बोलणे ते दुकानातच उरकून घेत.

"काका, सदरा द्या हो, कामावर उशीर होतोय!"

"अरे, कॉलर तापलीय, मान भाजेल. तोवर सांग, पोरगी उभी राहायला लागली का?"

एके सकाळी दाढी करताना त्यांच्या उजव्या गालातून विजेचा झटका बसावा तशी कळ गेली. पुढे ती घास चावताना येऊ लागली, वाऱ्याने येऊ लागली, आणि शेवटी तोंडातून शब्द काढला तरी येऊ लागली. दातांच्या डॉक्टरांनी दोन दाढा काढल्या. दाढा गेल्या, कळ राहिली. दुखणे रेड्याला आणि औषध पखालीला, अशातली गत झाली.

काकांनी बोलणे सोडले. गिऱ्हाइके भली होती. त्यांना त्रास नको म्हणून तीही गप्प राहू लागली. ज्याला बोलता येत नाही त्याला ऐकूही येत नसावे, असा समज कसा कोण जाणे पसरला. लोक बोटांनी कपड्यांची संख्या दाखवीत, हाताने 'उद्या' अशी खूण करीत आणि निघून जात. फळीपलीकडून मला केवळ इस्त्री टेकवल्याचा आवाज येई.

अखेर मेंदूच्या डॉक्टरांनी निदान केले. चेहऱ्याची संवेदना नेणारी नस मेंदूपाशी जिथून निघते, तिथे एक रक्तवाहिनी तिला दाबत होती. गोळ्यांनी काकांना चक्कर येई, आणि हृदय अशक्त असल्याने कवटी उघडणे धोक्याचे होते.

"आपण कापणार नाही," डॉक्टर म्हणाले. "चहूबाजूंनी बारीक किरण सोडायचे. एकेक किरण इतका क्षीण असतो, की वाटेत इजा करत नाही. सगळे जिथे भेटतात, तेवढ्या ठिकाणीच काम होतं."

काका ओठ न हलवता पुटपुटले, "म्हणजे या वेळी इस्त्री माझ्यावर." आणि त्या एका वाक्याची किंमत म्हणून गाल धरून खाली बसले.

ठरलेल्या दिवशी मी सोबत गेलो. नर्सबाईंनी विचारले, "यांचे कोण तुम्ही? भाऊ?"

"शेजारी."

"घरचं कोणी नाही?"

काकांनी मान हलवली. जागा बधिर करून त्यांच्या डोक्याला चार स्क्रूंनी एक धातूची चौकट बसवली, मग मेंदूचे फोटो काढले आणि त्यांना यंत्रात सरकवले. डोके तसूभरही हलू नये म्हणून ती चौकट होती. यंत्राच्या खोलीत त्यांच्याजवळ कोणालाच थांबता येत नाही. काचेपलीकडून मला त्यांचे फक्त पाय दिसत होते. मोज्याच्या टाचेला भोक होते. दुसऱ्यांचे कपडे कडक करून देणाऱ्याचे मोजे रफू करायला घरी कोणी नव्हते.

दुसऱ्या दिवशी ते घरी आले. ना टाके, ना मोठी पट्टी. डॉक्टरांनी बजावले होते, की गुण यायला काही आठवडे लागतील, कदाचित येणारही नाही. काका रोज वाट पाहत, आणि रोज कळ येई. दुसऱ्या महिन्यात ती विरळ झाली, मग थांबली. ओठाजवळ थोडी बधिरता तेवढी राहिली.

त्यानंतर एका सकाळी काका दुकानाच्या दारात उभे राहिले. नेहमीच्या एक ताई आल्या आणि त्यांनी चार बोटे दाखवली.

"ताई, मला बोलता येतं आता! सासूबाई कशा आहेत?"

ताई दचकल्या. "अगंबाई! राहू द्या काका, उगाच त्रास नका करून घेऊ," असे म्हणत त्या कपडे ठेवून लगबगीने गेल्या. दिवसभर तसेच झाले. लोक आनंदाने हसत, पण थांबत नसत. वर्षभरात त्यांना तिथे न थांबण्याची सवय लागली होती.

काही दिवसांनी गल्लीत नुकताच राहायला आलेला एक तरुण शिक्षक आला. त्याला यातले काही ठाऊक नव्हते. त्याने सहज विचारले, "काका, इथे पाणी किती वाजता येतं?"

काकांनी पाण्याची वेळ सांगितली, मग टाकीची गोष्ट, मग टाकीत पडलेल्या मांजराची. शिक्षक फळीला टेकून हसत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "काका, तुम्ही लई बोलता बुवा! माझी शाळा भरली असेल." आणि कपडे घेऊन पळाला.

काका दारात बराच वेळ उभे होते. मी विचारले, "काय झालं हो?"

"काही नाही," ते म्हणाले. "मांजर बाहेर कसं काढलं, ते सांगायचं राहिलं."

मी हातातला बूट खाली ठेवला आणि म्हणालो, "मग मला सांगा."

"तुम्हाला काय सांगायचं? शेपटी तर तुम्हीच धरली होती," असे म्हणून ते आत गेले.