चंद्रावरच्या घराची एक खिडकी

साऱ्या हैदराबाद संस्थानात चंद्रावरच्या बांधकामाची काळजी वाहणारा एकच माणूस होता, आणि तो नेमका माझ्या अक्काचा सासरा होता. मंठाळला त्यांचे घर. चार पिढ्या शेती केलेल्या घरात यांनी थापी धरली आणि भालकीपर्यंत चुन्याच्या भिंती उभ्या केल्या. अक्का त्यांना मामा म्हणे, म्हणून मीही मामाच म्हणे. गाव तोंडावर अण्णा म्हणे आणि पाठ वळली की खुळा गवंडी. लोक चंद्राला हात जोडत. मामा एक डोळा मिटून, भिंत ओळंब्यात आहे का हे बघावे तसे त्याच्याकडे बघत. "तिथं पाणी न्हाई," पहिल्याच भेटीत त्यांनी मला सांगितले. "पाण्याबिगर चुना विझंल कसा? चुना न्हाई तर दगडावर दगड ऱ्हाईल का? तवा तिथली घरं काचंची. वाळू वितळवायची अन् भिंत ओतायची." जाळ कुठून आणणार, असे मी विचारले. "सूर्य काय तिथं सरकारी नोकर हाय का, पाव्हणं, ढगाआड दडून बसायला?"

काच दिसली की त्यांचा हात आवरत नसे. नखाने टिचकी मारायची, कान लावायचा, मग मान हलवायची. एका लग्नात त्यांनी पेटत्या कंदिलाची काच पाहायला उतरवली. बोटे पोळली ती पोळलीच, वर मांडवात अंधार केला म्हणून वराचा बाप महिनाभर बोलला नाही. भालकीच्या बाजारात बांगडीवाल्याला विचारले, "ह्या काचंवर किती माळे चढतील?" तो म्हणाला, "अण्णा, हातावर चढवायच्या हाइत, माडीवर न्हाई." परसात एका फुटक्या जात्यावर ते चंद्रावरचे घर बांधत, लाखेने तुकडे चिकटवून. त्या लाखेची त्यांना लाज वाटे. "तिथं लाख लागंना," ते बजावत, "तिथं काच एकजीव." अक्काची बांगडी पिचली की हे हजर. "सूनबाई, टाकू नगंस, हिरवी खिडकी ऱ्हायलीया." अक्का हसून तुकडे पदराआड लपवी.

नवरा मेला की आमच्याकडे बाईला ओढ्यावर नेऊन दगडाने तिच्या बांगड्या फोडतात. ही रीत कोणत्या निर्दयाने काढली देव जाणे. मी तिच्यावर पत्रक लिहिले होते आणि गावातल्या कर्त्या माणसांनी ते चुलीत घातले होते. ते तुकडे कोणी शिवत नाही. मामा वेचून आणत. "अण्णा, इटाळ घरात आणायलाव," बाया ओरडत. "काचंला काय ठाव, कुणाचा नवरा मेला ते," मामा म्हणत.

मग संस्थानाचे ते शेवटचे साल आले. सभेला परवाना, शाळेला परवाना, आणि गावे जाळणाऱ्या हत्यारबंद जथ्यांना मात्र मोकळे रान. दाजी, म्हणजे मामांचा एकुलता मुलगा, आणि मी सीमेपलीकडच्या लढ्याच्या छावणीतून पत्रके आणत असू. दाजी गेले की परत येईपर्यंत अक्का उंबऱ्यावर. त्या साली मामांना काच कमी पडली नाही. जात्यावरचे घर तीन माळ्यांचे झाले. मला ते बघवेना. "मामा, हितं माणसं मरायलीत अन् तुम्ही चंद्रावर माड्या बांधायलाव?" ते शांतपणे म्हणाले, "मग कुठं बांधू? हितं बांधलेलं जाळायलेत."

दाजींना ओढ्याच्या वळणावर गोळी घातली. दहन उरकले आणि भर दुपारी बाया अक्काला न्यायला आल्या, एकीच्या हातात दगड. मामा उंबऱ्यावर आडवे बसले.

"सरा, अण्णा. रीत हाय."

"न्यायची न्हाई तिला."

"खुळं झालाव का? तुमचंच घर तर काचंचं. तुम्हाला पायजेच की!"

"घर पुरं झालं," मामा म्हणाले. "मला आता काच नगं."

परसदार उघडेच होते. जात्यावरच्या घराची एक खिडकी मोकळी होती, ती सगळ्यांना दिसत होती. दगडवालीने दगड खाली ठेवला.

त्याच आठवड्यात मी अक्काला सीमेपलीकडे नेले. मामा आले नाहीत. "गावात एक तरी गवंडी पायजे, पाव्हणं. नंतर बांधायचं कुणी?"

राज्य पडल्यावर आम्ही परतलो. मंठाळला घर नव्हते, मामा नव्हते. कुठे गेले ते कोणी सांगितले नाही आणि मी विचारायचे सोडलेले नाही. परसात जाते होते, जळून काळे. त्याच्यावरचे घर आगीत वितळून एका ढेपेत बसले होते. लाख कुठेच नव्हती. काच एकजीव झाली होती.

अक्का खाली बसली. मामांसारखी नखाने टिचकी मारून तिने कान लावला. बराच वेळ. वारा नव्हता. तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या तेवढ्या वाजल्या.