कुरडयांची राखण

परळीत सावकाश चालणारा माणूस मी आजवर एकच पाहिला, आणि मागून टिप्परनं हॉर्न दिल्यावर त्यालाही पळावंच लागलं. माझा तर धंदाच टिप्परांचा. परळीभर उडणारी थर्मल वीजकेंद्राची राख भरायची आणि वीटभट्ट्यांवर पोचवायची. मोबाइल तीन. एक कानाला, दुसरा मान नि खांद्याच्या बेचक्यात, तिसरा खिशात थरथरत. अकरा वर्षं मी बसून जेवलो नव्हतो. एका लग्नात तर अक्षता टाकून, जेवून, पान खाऊन बाहेर पडलो. नवरदेव नंतर आला असं ऐकतो.

मग एके दिवशी जिना चढताना भिंत हलली. भिंत हलत नाही, तुम्ही हलताय, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी माझ्या दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला, पट्टा सोडला आणि स्वतःच्या दंडाला बांधून बघितला. मशीन ठीक होतं.

"रोज दोन तास गप बसा," ते म्हणाले. "श्वास आत येतो, बाहेर जातो. तेवढंच बघा."

"ते काहून बघायचं? तो येतोच की."

"आता त्याचा भरोसा राहिला नाही."

बायको शेजारीच बसली होती. घरी येईपर्यंत ती बोटांवर काहीतरी मोजत होती. तिचं काहीतरी ठरत असलं की ती अशीच मोजते.

पोरीचं लग्न नऊ दिवसांवर आलं होतं. रुखवतात लाडू-चकल्या कशाही चालतात, पण कुरडया घरच्याच लागतात आणि पांढऱ्याफेक लागतात. विकतची कुरडई विहीणबाई दुरूनच ओळखते, आणि मग पोरीला ते जन्मभर ऐकावं लागतं. आमचा गहू तीन दिवस भिजून, वाटून, त्याचा चीक रात्रभर निवळून तयार होता. दुसऱ्या दिवशी पहाटे मायलेकींनी तो शिजवला, गरम असतानाच सोऱ्यातून पाडला आणि गच्चीवर धुतलेल्या पातळांवर चंद्रासारख्या दोनशे कुरडया मांडल्या.

"गप बसायचंच हाय ना?" बायको म्हणाली. "मग हितं बसा. धुराळा दिसला की ही दोन पातळं वरून टाका. दुसरं काय करू नका."

मी मांडी घातली, डोळे मिटले. पहिला श्वास आला. दुसरा आला. तिसऱ्याच्या आधी भट्टीवाल्याचा फोन आला. माल आत्ताच्या आत्ता पाहिजे म्हणाला. मी लगेच ड्रायव्हरला लावला.

"ताडपत्री बांधायलोय मालक. ईस मिनिटं."

"राहू दे बे ताडपत्री. आपल्या गल्लीतून काढ, जवळ पडतंय."

काम मार्गी लागलं म्हणून मी पुन्हा डोळे मिटले. मन एवढं शांत झालं की काय सांगू.

आमच्या दारासमोर एक गतिरोधक आहे. दुसऱ्यांचे टिप्पर सुसाट जातात म्हणून मीच खटपट करून घालून घेतलेला. माझा टिप्पर त्यावरून असा उडाला की त्याची चाकं मला गच्चीवरून बरोबर नजरेसमोर दिसली असती, पण माझे डोळे मिटलेले होते. उघडले तेव्हा चंद्रग्रहण लागून गेलं होतं. दोनशेच्या दोनशे.

पोरीनं एका कुरडईवर वाकून फुंकर घातली. राख ओल्या चिकात मुरली होती.

"पप्पा," ती हळूच म्हणाली, "आता विकतच्या आणा. मी घेईन ऐकून."

हे ऐकून डॉक्टरच्या मशीनचं काय झालं असतं ते मला ठाऊक आहे.

"विकतच्या येणार न्हाईत," बायको म्हणाली.

मी सुचवलं की गहू उकळत्या पाण्यात घातला तर संध्याकाळपर्यंत भिजेल. तिनं त्यातलीच एक कुरडई खरवडून खाली नेली, तळून आणली आणि ताटलीत माझ्यापुढे ठेवली.

"खा. सावकाश चावा, डॉक्टरनं सांगितलंय."

मी चावली. तो आवाज तिसऱ्या गल्लीत खडी फोडण्याचा वाटला, असं लोक म्हणतात. मी ती पूर्ण खाल्ली.

नवा गहू भिजत घातला. त्याला मी मालक आहे हे माहीत नव्हतं. त्यानं त्याचे तीन दिवस घेतलेच. रोज सकाळी त्याचं पाणी मी बदलायचो. सहाव्या दिवशी कुरडया गच्चीवर गेल्या आणि तिन्ही मोबाइल ज्वारीच्या कोठीत. त्याआधी एकच फोन केला : ताडपत्री बांधल्याशिवाय गाडी हलवायची नाही आणि आपल्या गल्लीतून तर आणायचीच नाही.

"मालक," ड्रायव्हर घाबरून म्हणाला, "तब्येत बरी हाय न्हवं?"

दोन दिवस मी उघड्या डोळ्यांनी बसलो. वारा फिरला की पातळ टाकायचं, पडला की काढायचं. कोठीत ज्वारी थरथरायची, मी उठलो नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मला कळलं की कुरडईची कड आधी वर उचलली जाते आणि ती कापडापासून सुटताना 'टिक' असा बारीक आवाज होतो. त्याआधी पन्नास वर्षं मी नुसत्या खात होतो. एकशे चौऱ्याऐंशी टिक मी ऐकले. बाकीच्या सोळा माझी नजर चुकवून सुटल्या असतील.

लग्नात विहीणबाई रुखवतापाशी थांबल्या. एक कुरडई उचलली, उजेडात धरली, मागून बघितली, पुढून बघितली. पोरगी बोहल्यावरून बघत होती. बायको माझ्याकडे बघत होती. मी श्वास आत घेतला आणि तो बाहेर जायचंच विसरला.

"पांढरीफेक हाय बाई," विहीणबाई म्हणाल्या. "परळीची वाटत न्हाई."

श्वास बाहेर आला. मी त्याला येताना नीट बघितला.