निःपक्षपाती नवरा

बरखेड्याच्या शाळेत अच्युत सरवट्यांनी उभा जन्म इंग्रजी शिकवलं. सारखे दिसणारे दोन शब्द सापडले की स्वारी खूश. त्यातली लाडकी जोडी ठरलेली. ‘अनइंटरेस्टेड’ म्हणजे ज्याला रसच नाही तो, आणि ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे ज्याचा स्वार्थ नाही तो. परीक्षक हा दुसऱ्या प्रकारचा हवा, असं ते पोरांना बजावत.

मराठी मंडळाच्या भावगीत स्पर्धेचे परीक्षकही तेच. त्यांची बायको कमलिनी दरवर्षी त्यात गायची आणि दरवर्षी हे गृहस्थ तिला हात राखून गुण द्यायचे. बायकोचा नंबर काढला असं कोणी म्हणायला नको ना! घरी आल्यावरही गाण्याबद्दल चकार शब्द नाही. खरं तर हाही स्वार्थच, आपल्या नावाला जपण्याचा. पण सरांना कोण सांगणार?

यंदा मंडळाचा शैलेंद्र नावं लिहायला घरी आला.

“सर, परीक्षक तर तुम्हीच. आणि काकूंचं नाव लिहून टाकू ना?”

“माझं नको रे,” कमलिनीबाई आतून म्हणाल्या. “गाणं बंद केलंय मी.”

सर चमकलेच. “बंद? का?”

“घरच्याच माणसाला रस नाही, तर लोकांना कशाला ताप?”

“अगं, रस नाही असं नाही. मी निःपक्षपाती...”

“ते शाळेत शिकवा. कसं गायले, हे एकदा तरी सांगितलंत?”

सरांना फार वाईट वाटलं. जन्मभर पोरांना शिकवलेला फरक बायकोपर्यंत पोचलाच नव्हता. ते शैलेंद्रला म्हणाले, “हिचं नाव लिही. आणि परीक्षक दुसरा बघ. यंदा मला एका स्पर्धकाची बाजू घ्यायची आहे.”

कमलिनीबाई हो-नाही करत गायल्या. नंबर काही आला नाही. रिक्षात बसल्यावर सर म्हणाले, “दुसऱ्या कडव्यात घाई केलीस. मागल्या वर्षी तिथे छान थांबली होतीस.”

“मागल्या वर्षीचं आठवतंय तुम्हाला?”

“त्याच्या आधीचंही. सर्दी होती तुला, तरी वरचा सूर लागला होता.”

कमलिनीबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. रागही आला.

“मग इतकी वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून का बसलात हो?”

सरांनी रुमाल पुढे केला. बाईंनी डोळे पुसले आणि रिक्षावाल्याला सांगितलं, “भैया, थोडा धीरे चलाओ.” मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, “हं, सांगा. त्याच्याही आधीच्या वर्षी कशी गायले होते?”